नेत्राच्या वाटीतलं वरण

मी एक जुना, पाच लिटरचा, पोचे पडलेला कुकर आहे. मित्रांनो, हसू नका! जन्म कारखान्यातला असला तरी माझं सगळं कर्तृत्व अमेरिकेतलं आहे. नेत्राने मला साड्यांत गुंडाळून पुण्याहून मॉरिसव्हिलला आणलं, त्याला अठरा वर्षं झाली. माझ्या पहिल्याच शिट्टीला शेजारीण घाबरून दार ठोठावायला आली होती.

नेत्रा औषधांच्या कंपनीत काम करते. पन्नाशीला आलेली, पक्की शाकाहारी. गेल्या वर्षी तिला वजनं उचलायचा नाद लागला. शेजारच्या कॅरी गावातल्या स्पर्धेत दोनशे पौंड उचलायचेच म्हणून तिने नावही दिलं. पण एकशे सत्तरला गाडी जी अडली, ती हलेचना. ट्रेनर म्हणाला, "प्रोटीन कमी पडतंय. चिकन खा, नाहीतर विसरा." घरी येऊन ती रडली हो! मला फार वाईट वाटलं.

"नाव कॅन्सल करते," ती म्हणाली.

"अगं, पण तू डाळ खातेस ना?" तिच्या नवऱ्याने, परीक्षितने विचारलं.

"रोज! दोन्ही वेळा!"

डोंबल! अठरा वर्षं मी बघत होतो. पळी तळापर्यंत घालून घट्ट वरण ती परीक्षितला आणि लेकीला, रुहीला वाढायची. मग उरलेल्यात गरम पाणी ओतून स्वतः जेवायला बसायची. मला बोलता येत नव्हतं, म्हणून नुसता धुसफुसायचो.

त्या संध्याकाळी रुहीने आईच्या वाटीत चमचा फिरवला. "आई, धिस इज जस्ट यलो वॉटर!"

"मला पातळच आवडतं गं."

"नो, यू डोन्ट!" म्हणत रुहीने वाट्यांची अदलाबदल केली. नेत्राने वाटी चाटूनपुसून खाल्ली.

मग काय, माझी चंगळच झाली! राजमा, हरभरे, चवळी, सोयाबीन, शिट्ट्यांवर शिट्ट्या. जोडीला पनीर आणि दही होतंच. चार महिन्यांत नेत्राच्या दंडांवर ब्लाउज घट्ट होऊ लागले, आणि ती ते सगळ्यांना कौतुकाने दाखवायची.

स्पर्धेला राजमा-भात घेऊन मीही गेलो. हॉलमधल्या बाकावर माझी जागा होती. शेवटचा प्रयत्न, दोनशे पौंड. दांडा गुडघ्यांपर्यंत आला आणि थांबला. माझी तर वाफच कोंडली. "आई, पुल!" रुही किंचाळली. नेत्रा दातओठ खात ताठ उभी राहिली. उचलले, मित्रांनो, माझ्या नेत्राने दोनशे पौंड उचलले!

ट्रेनर प्लेट घेऊन धावत आला. "या भांड्यात आहे तरी काय? मलाही द्या!"

"थांब," नेत्रा म्हणाली. "आधी मी वाढून घेते."

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या कुकरची रिंग वेळेवर बदला, एवढंच मागणं आहे. आणि आज जेवायला बसलात की पळी तळापर्यंत घाला, आणि पहिली वाटी आईची भरा.