तळघरातली आगबोट

महेरुन्निसाने नवऱ्यासाठी तळघर रिकामं करून दिलं, तेव्हा रेवदंड्याच्या मोहल्ल्यातल्या बायकांना हसायला विषय मिळाला. तळघर म्हणजे घराचं पोट. सासऱ्यांचा व्यापार होता तेव्हा तिथे खजुराच्या करंड्या रचलेल्या असत; आता वर्षाचा तांदूळ, नारळ, चिंच, सुकी मासळी. ते सगळं तिने माळ्यावर चढवलं आणि मावलं नाही ते माजघरात मांडलं. पलंगाखाली नारळ, पलंगावर चिंचेचे गोळे. झोपायचं कुठे, ते ज्याचं त्याने बघावं.

"नवरा घरात ठेवायचा तर तांदूळ भायेर काढायला लागतो," असं तिने शेजारच्या जैबुन्निसाला सांगितलं. सांगितलं मात्र हसत.

तिचा नवरा इसहाक आगबोटीवर मिस्त्री होता, म्हणजे जहाजावरचा सुतार. लग्न झाल्यापासून तो घरात कमी आणि पाण्यावर जास्त. दर खेपेला येताना म्हणायचा, ही शेवटची. चार दिवस बरे जात, मग त्याचे हात शिवशिवू लागत. ओटीवरून परसात, परसातून बंदरावर, बंदरावरून पुन्हा ओटीवर. धड बसणं नाही, धड जेवणं नाही. मग नुरुद्दीन सारंग बोटीसाठी माणसं गोळा करायला यायचा आणि इसहाक पेटी उचलायचा. घर पुन्हा तिच्या एकटीच्या गळ्यात. या खेपेला मात्र तिने कंबर कसली. हाताला काम हवं ना, मग ते घराखालीच देऊ. मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढचं साल होतं, मुंबईत धंदे मंद होते, पण सारंग बकरी ईदनंतर येणार हे ठरलेलं होतं. त्याच्या आत इसहाक तळघरात रमला पाहिजे, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

इसहाकनेही जीव ओतला, हे कबूल करायला हवं. जांभ्याच्या भिंतीत वरच्या अंगाला झरोका फोडला, उजेडासाठी. ओल वर येऊ नये म्हणून जमिनीवर फळ्या ठोकल्या. सागाच्या जाड फळीचं कामाचं बाक केलं. करवती, रंधे, पटाश्या भिंतीवर ओळीने लावल्या. पहिल्या दिवशी खालून रंध्याचा आवाज आला तेव्हा महेरुन्निसा चुलीपुढे नुसती ऐकत बसली. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिला हळहळ वाटली नाही. खाली तो खलाशांचं कसलंसं गाणं गुणगुणत होता. घरात असताना तो गातो, हे तिला नवीनच होतं.

दुपारी ती बघायला उतरली. बाक जमिनीला जखडून टाकलेलं. प्रत्येक हत्याराला दोरीचा फास. फडताळाच्या प्रत्येक फळीला कडेने दोन बोटं उंच पट्टी ठोकलेली. आणि झरोका चक्क गोल!

"ही पट्टी कशाला?" तिने विचारलं.

"वस्तू घसरू नये म्हणून."

"घसरंल कशी?"

पाणी ओलं का असतं, असं कुणी विचारावं तसं त्याने तिच्याकडे पाहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो ओशाळला.

"सवय हाय," तो म्हणाला.

ती हसली आणि विषय सोडून दिला. पण सवय काही फडताळावर थांबली नाही. पहिलं गिऱ्हाईक आलं ते आतल्या गावचा भातवाला येसाजी. मुलीच्या लग्नात व्याह्यांच्या पंगतीला त्याला पाट हवे होते. इसहाकने पाट केले, रंधा असा मारला की तोंड दिसावं. आणि प्रत्येक पाटाला चारी बाजूंनी उभी पट्टी. येसाजी ओटीवर एका पाटावर बसून बघायला गेला, तर पट्टी जिथे रुतायची तिथे रुतली.

"इसहाकभाय, व्याही जेवायला बसनार हाय का होडी वल्हवायला? त्यो यातनं उटनार कसा?"

ओटीवरचे सगळे खो खो हसले. इसहाकही हसला, पण त्याचे कान लाल झाले. त्यानंतर ठमाबाई नावाच्या म्हातारीने पोळपाट करायला टाकला. त्यालाही कड! लाटणं अडतं, पोळी ताटाएवढी काही होत नाही. म्हातारीने तो पोळपाट गावभर मिरवला आणि परत आणून टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाय गो," जैबुन्निसा म्हणाली, आणि ते महेरुन्निसाला फार झोंबलं. गिऱ्हाईक तुटलं की हा निघालाच, हे तिला दिसत होतं.

त्या दिवशी ती तरातरा तळघरात उतरली. "लोकांची घरं हलत न्हायत," ती म्हणाली. "लोकांसारखं करा जरा. आपलं घर पन हलत न्हाय."

इसहाकने पाटांच्या पट्ट्या काढल्या, पोळपाटाची कड तासून टाकली. मग एकेक करत फडताळाच्या पट्ट्या उखडल्या, हत्यारांचे फास सोडले, बाकसुद्धा मोकळं केलं. पट्ट्यांची मोळी वर आणून चुलीजवळ ठेवली. "पेटवायला बऱ्या," म्हणाला. महेरुन्निसाला वाटलं, आता याचा पाय जमिनीला लागला. येसाजी खूश होऊन पाट घेऊन गेला. दारं आली, चौरंग आले. तिच्या चुलीजवळही त्याने ताटांसाठी एक फळी मारून दिली, साधी, सपाट, लोकांच्या घरात असते तशी.

पण खालचा आवाज बदलला. रंधा दोनदा चालायचा आणि थांबायचा. ती कान देऊन बसायची, आता चालेल, मग चालेल. गाणं तर बंदच झालं. ईद आली तशी इसहाकची पुन्हा ओटीवरून परसात आणि परसातून बंदरावर अशी फेरी सुरू झाली. वारा कुठला, भरती कधीची, विचारायचं कारण काय होतं त्याला? तिला अन्न गोड लागेना. तळघर मिळूनही हा माणूस घरात नव्हता.

नुरुद्दीन सारंग आला तो भर सकाळी. ओटीवर बसला, चहा घेतला.

"मुंबईला न्यायचा मचवा बंदरात हाय, इसहाक. ओहोटीबरोबर सुटायचं. पेटी तयार हाय?"

"व्हय," इसहाक म्हणाला. "रंधा तेवढा घेतो." आणि तो तळघराच्या पायऱ्या उतरला.

महेरुन्निसा चुलीपुढे होती. हातातली पट्टी ती जाळात सारणार, तोच थांबली. दोन बोटं रुंद, एका बाजूने गोल घासलेली, गुळगुळीत. जाळण्यासाठी कुणी असं घासत नाही. तिच्या एकदम लक्षात आलं. त्याला राहायचं होतं! म्हणून तर त्याने घराखाली आगबोट बांधली होती, गोल झरोक्यासकट. त्या आगबोटीत तो गात होता. आणि मीच ती मोडायला लावली, चार लोकांच्या हसण्याला भिऊन, आणि रोज थोडी थोडी चुलीत घातली. तिला स्वतःचा असा राग आला की डोळे भरून आले.

मोळीतली ती शेवटची पट्टी तशीच हातात घेऊन ती खाली धावली. इसहाक रंधा पेटीत ठेवत होता.

"माज्या फळीला पट्टी मारा," ती म्हणाली.

"कशाला? ताटं कुटं जातायत? तूच बोललीस, घर हलत न्हाय."

"मी खोटं बोलली. हलतं घर. तुमी गेलात का हलतं, दर खेपेला. मी एकटी धरून बसते, तुमाला काय ठाव?"

वरून सारंगाची हाक आली, "इसहाक! पानी उतरतंय!" इसहाकने तिच्या हातातली पट्टी घेतली आणि गोल कडेवरून अंगठा फिरवला.

"ही आकूड हाय," तो म्हणाला.

"बाकीच्या मी जाळल्या," ती म्हणाली.

"मंग नवी काढायला लागंल." त्याने रंधा पेटीतून बाहेर घेतला, बाकावर एक फळी ठेवली, आणि आधी बाकच हलतंय का ते दाबून बघितलं. हलत होतं. "हे पन जखडायला लागंल," तो पुटपुटला आणि कामाला लागला.

महेरुन्निसा वर आली तेव्हा ओटी रिकामी होती. खालचा आवाज ऐकून सारंग काय ते समजला होता आणि एकटाच बंदराकडे गेला होता. त्याची कपबशी ओटीच्या कडेला नव्हती. पार आत, भिंतीला टेकवून ठेवली होती, घसरू नये म्हणून.