बुरोंडीच्या होडीवरची दोन यंत्रं

लाकडी पट्टीवर शेजारी शेजारी बसवलेल्या पाऱ्याच्या दोन नळ्या, तो मी. ओला-सुका तापमापक. एका नळीच्या टोकाला ओलं सुती कापड असतं. त्यातलं पाणी उडताना ती नळी गार पडते. दोन्ही नळ्यांतल्या फरकावरून हवेतला दमटपणा कळतो.

१९९८ साली मी रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात आलो आणि चार वर्षं कपाटातच राहिलो. मग हफीजानं मला बाहेर काढलं. समुद्र हवेला किती वाफ देतो, यावर ती संशोधन करत होती. तिच्याकडे बॅटरीवर चालणारं नवं यंत्र आलं होतं. ते माझ्याशी ताडून बघायचं होतं.

तिचे अब्बा सुलेमान बुरोंडीचे तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख. त्यांच्याच होडीवर आम्हा दोघांना एका काठीला बांधलं. पण होडी खोल पाण्यात गेली, की हफीजाला उलट्या व्हायच्या. मग अब्बा सुकाणू खलाशाच्या हाती देऊन माझ्यासमोर यायचे. पिण्याच्या पाण्यातलं थोडं माझ्या कापडावर घालायचे. माझ्यावर श्वास पडू नये म्हणून तोंडाला रुमाल धरायचे, डोळे बारीक करून पारा वाचायचे आणि वहीत आकडा लिहायचे.

चार दिवस आमचं जुळलं. पाचव्या दिवसापासून नवं यंत्र जास्त दमटपणा दाखवू लागलं. वही बघून हफीजाचे मार्गदर्शक सर म्हणाले, “हे म्हाताऱ्यानं वाचलंय ना? मग हे आकडे काढून टाका.”

त्या संध्याकाळी हफीजानं विचारलं, “अब्बा, तुम्हाला नीट दिसत होतं ना?”

अब्बांचा घास हातातच राहिला. “दिसला तेवढाच लिवलाय गो,” म्हणाले आणि अर्ध्या ताटावरून उठले.

सकाळी हफीजा आम्हाला घेऊन अंगणात बसली. नव्या यंत्राच्या जाळीदार टोपीवर बोट फिरवलं, तर बोटाला पांढरं मीठ लागलं. लाटांचे तुषार तिथे सुकले होते आणि ते मीठ ओल धरून बसलं होतं. तिनं टोपी गोड्या पाण्यानं धुतली, वाळवली. दुपारपर्यंत आमचे आकडे एक झाले.

मला हातात घेऊनच ती बंदरावर धावली. अब्बा जाळं सांधत होते.

“यंत्रात मीठ गेलं होतं, अब्बा. तुमचं बरोबर होतं. मी उगाच विचारलं.”

अब्बांनी मान वर केली नाही. दोन गाठी मारून झाल्यावर शेजारची जागा हातानं झाडली. “बस. सकाळधरना काय खाल्लंस काय?”

हफीजा तिथंच रडली.

तिनं त्यांचा एकही आकडा वगळला नाही. प्रबंधात लिहिलं, ‘निरीक्षक : सुलेमान, तांडेल, बुरोंडी.’

आता माझी एक नळी फुटली आहे. मोजमाप संपलं. हफीजा जिथे नोकरीला जाते, तिथे मला टेबलावर ठेवते. माझं एवढंच मागणं आहे : समुद्रावर जाऊन काही मोजून आणलंत, तर ज्यानं तुम्हाला तिथवर नेलं, त्याचं नाव लिहायला विसरू नका.