ओहोटीच्या फुल्या

रुस्मीबाईंच्या हजेरीपुस्तकात जुम्रियाच्या नावापुढे सोळा फुल्या होत्या, आणि सोळाही बाईंच्याच हातच्या. पंधराच्या वर गैरहजेरी गेली की सहावीच्या परीक्षेच्या यादीतून नाव कमी, हा शाळेचा नियम. यादी सोमवारी जिल्ह्याला जायची होती.

जुम्रिया बाजोंची, म्हणजे समुद्रावरच राहणाऱ्या लोकांची, पोर. त्यांची वस्ती खाडीपलीकडे, पाण्यात रोवलेल्या खांबांवर. तिथून होडीनं येणारी अशी सहा मुलं होती; बाकी पाचांच्या फुल्या पंधराच्या काठावर. सातला फाटक बंद होई. नंतर आलेलं मूल घरी परत. "लवकर निजावं, म्हणजे लवकर उठता येतं," असं बाईंनी फाटकाशी जुम्रियाला कितीदा ऐकवलं होतं. पोर नुसती हसायची.

शनिवारी शाळा सुटल्यावर बाई पुन्हा फुल्या मोजत बसल्या. एखादी तरी चुकून पडली असेल, या आशेनं. चूक सापडली नाही, पण फुल्या विखुरलेल्या नव्हत्या. महिन्याला दोन घोस: दोन-तीन दिवस सलग, मग बरेच दिवस एकही नाही. बाईंनी भिंतीवरची दिनदर्शिका काढून शेजारी ठेवली. एक घोस पौर्णिमेचा, एक अमावास्येचा.

बाई स्वतः कोळ्याची लेक. उधाणाच्या दिवसांत सकाळी खाडी कोरडी पडते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण शाळेत लागल्यापासून तीस वर्षं त्यांनी भिंतीवरचं घड्याळच पाहिलं होतं.

रविवारी दुपारच्या भरतीला हजेरीपुस्तक आणि दिनदर्शिका घेऊन त्या जुम्रियाच्या घरी गेल्या आणि मुक्कामाला राहिल्या. सोमवारी उजाडलं तेव्हा होडी चिखलावर कलंडलेली.

"आता गं?"

"आता चालायचं. चपला हातात घ्या, बाई. आणि थांबू नका, थांबलं की पाय रुततो."

"मग अंधारातच का निघत नाही?"

"अंधारात काटेरी मासा दिसत नाही ना. आमच्या मामाचा पाय बघा एकदा."

बाई आणि सहाही मुलं फाटकाशी पोचली तेव्हा सव्वासात झाले होते. रखवालदार बाईंना पाहून कुलूप काढायला धावला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "सात वाजून गेलेत."

मुख्याध्यापक हम्सा सर बाहेर आले. बाईंच्या पोटऱ्या चिखलानं माखल्या होत्या. "हे काय, बाई? आत या."

"आणि ही सहा?"

"नियम सगळ्यांना सारखा. यांना सोडलं तर उद्या बाजारातली पोरंही आठला येतील."

"बाजारातल्या पोरांच्या वाटेत खाडी नाही, सर." बाईंनी हजेरीपुस्तक आणि दिनदर्शिका गजांमधून आत दिली. "फुल्या बघा, आणि चंद्र बघा."

सर बराच वेळ पानं उलटत राहिले. "म्हणजे मी शाळा चंद्रावर चालवू?"

मुलांतलं कुणीतरी फिसकन हसलं.

"महिन्यातले पाच-सहा दिवस," बाई म्हणाल्या. "तेवढे दिवस यांनी आठला यावं. बुडालेला तास मी दुपारी घेईन."

"आणि दुपारी पाणी गेलं तर?"

"नाही जात, सर," जुम्रिया म्हणाली. "तीनपर्यंत होडी चालते." मग तिनं विचारलं, "परीक्षा कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात, एकवीसला. सकाळी सातला."

जुम्रियानं बोटांवर मोजलं. "तेव्हा पण कोरडंच असेल."

सर तिच्या पायांकडे पाहत राहिले. मग त्यांनी रखवालदाराकडून किल्ली घेतली आणि स्वतः कुलूप काढलं.

"आदल्या दिवशी दुपारीच या सगळे. माझी पडवी मोठी आहे. न्याहारीची कासुआमी मात्र, बाई, तुम्हीच उकडा. आमच्या घरी त्या कंदाच्या पिठाचा दगड होतो."

"आणि आजची यादी?"

"आधी पाय धुवा," सर म्हणाले. "मग यादी पुन्हा लिहायला बसा. अक्षर तुमचं चांगलं आहे."