आर्वो अजून लाइनवर आहे

आर्वो लाहती जानेवारीत गेला. जंगलातल्या झोपडीत, टेबलावरच्या संगणकाशी बसल्या बसल्या. मिशिगनच्या या उत्तर टोकाला थंडीत जमिनीला कुदळ लागत नाही, म्हणून त्याची पेटी बर्फ वितळेपर्यंत दफनभूमीच्या कोठीत ठेवली होती. थोडक्यात, एप्रिल उजाडला तरी तो धड गेलाही नव्हता. गावातल्या घराच्या तळघरातल्या संगणकाचंही तेच म्हणणं होतं: "आर्वो, टायपिंगची परीक्षा चालू."

हा संगणक म्हणजे आर्वोचा निरोपांचा बोर्ड. गावोगावच्या म्हाताऱ्यांनी आपापल्या संगणकावरून टेलनेटने त्याला जोडून घ्यायचं, निरोप लिहायचे, हवामानावरून भांडायचं. एका वेळी बाहेरच्या एकाच माणसाला जागा. गप्प बसलेल्याला यंत्र आपोआप हाकलायचं, पण आर्वो दोन बोटांनी इतका रेंगाळत टाइप करायचा की परीक्षेच्या मध्येच ते त्यालाही हाकलायचं. म्हणून त्याने नियमातून स्वतःचं नाव वगळलं होतं. इर्या, त्याची बायको, शाळेत जन्मभर टायपिंग शिकवत आली. तिचा वेग गाठायचा म्हणून ही परीक्षा त्याने बोर्डावर बसवली होती. गाठणं दूरच राहिलं.

दुपारी डेल्मरचा फोन आला. आर्वोचा बालमित्र, नाकाला प्राणवायूची नळी, घराबाहेर पडणं बंद.

"इर्या, आजही बोर्ड बिझीच."

"लाइनमध्ये काहीतरी बिघाड असेल."

"लाइन ठणठणीत आहे. तो अडकलाय आणि तू त्याला काढत नाहीस. अगं, झोपडीची वीज कापून तीन महिने झाले, पलीकडे यंत्रसुद्धा चालू नाही. रोज सकाळी बोर्ड उघडायचो, चार शिव्या खायचो, तेवढीच माझी माणसं. आता भिंतीशी बोलतो."

इर्याला स्वतःची लाज वाटली. जिवंत माणूस ताटकळत होता आणि ती एका ओळीला कवटाळून बसली होती. "फोन ठेवू नकोस," असं म्हणून ती फोन घेऊनच खाली तळघरात गेली.

एक कळ दाबली की झालं. पण न सांगता कसं हाकलायचं? तिने पडद्यावर आर्वोशी बोलायची खिडकी उघडली आणि लिहिलं, आर्वो. प्रत्येक अक्षर दोनदा उमटलं.

"डेल्मर, अक्षरं दुप्पट येताहेत."

"नेहमीचंच. तुझी खिडकी तुझं अक्षर दाखवते, आणि पलीकडचं यंत्र तेच परत पाठवतं. आपल्या बाजूचं दाखवणं बंद करून टाक."

"आणि पलीकडे कुणी नसलं तर?"

"तर एकदाच दिसणार. परत कोण पाठवणार?" मग तो थबकला. "इर्या, तू बोलतेयस कोणाशी?"

तिने आपल्या बाजूचं दाखवणं बंद केलं. आता पडद्यावर दिसेल ते फक्त पलीकडून आलेलं. सवयीच्या हातांनी तिने एका दमात लिहिलं, "आता बंद करू?" आणि हात मांडीवर ठेवले.

पडदा कोराच राहिला. मग एक अक्षर आलं. बऱ्याच वेळाने दुसरं. मध्येच एक चुकीचं आलं, पुसलं गेलं, बरोबर आलं. कळ शोधत फिरणारं ते बोट इर्याच्या ओळखीचं होतं. या बोटाला ती आयुष्यभर हसली होती. आता तिला भीतीपेक्षा त्याची आठवणच जास्त छळत होती.

अखेर वाक्य पुरं झालं: "आता बंद करू?"

तिचाच प्रश्न होता, पण आता तो तिला विचारत होता. आणि तिच्या मनात आलं, इतके दिवस त्याला अडवून कोणी धरलं होतं?

"कर," तिने लिहिलं.

ती वाट बघत राहिली. ती अक्षरं काही परत आली नाहीत. थोड्या वेळाने आर्वोच्या नावाची ओळ गेली, आणि तिथे "जागा रिकामी" एवढंच उरलं.

"लागला गं बोर्ड!" फोनवर डेल्मरला धाप लागली होती. "काढलंस ना शेवटी त्याला?"

"मी कळीला हात नाही लावला," इर्या म्हणाली. "त्याचा तोच गेला."