सरकारांची खुर्ची

माझा नवरा जहाजावर वाढपी आहे. लोकांना मी नुसतं ‘जहाजावर असतात’ एवढंच सांगते. ऐकणाऱ्याला लगेच कप्तानाची टोपी दिसते आणि ती उतरवायला मी काही जात नाही. तोंडावर त्याला अहो-जाहो करते, मनात मात्र तो ‘तो’च आहे. वर्षातले आठ महिने तो पाण्यावर असतो आणि चार महिने आमच्या सोफ्यावर. सोफ्यावर असताना उठून पाण्याचा ग्लासही घेत नाही. तिकडे सगळ्यांना देतच असतो, इथे तरी बसू दे, असं म्हणतो. मला ते पटायचं. माझं कपडे शिवायचं दुकान आहे, घरी आल्यावर मलाही कुणाचा उसवलेला खिसा बघवत नाही.

या वर्षी कंपनीला काय दया आली कोण जाणे, जुन्या नोकरांच्या बायकांना एक फेरी फुकट मिळाली. लेकीला जावेकडे ठेवलं, दुकानाला कुलूप लावलं, स्वतःसाठी दोन बरे कपडे शिवले आणि निघाले. खोली जहाजाच्या पोटात होती, बिनखिडकीची. नवरा आणखी खाली, तिघांच्यात एक खोली. म्हटलं, असू दे, जेवताना तरी भेटेल. तर तिथे नियम आडवा आला. वाढप्याच्या घरच्या माणसांना त्याच्या टेबलावर बसवत नाहीत. बायको समोर असली की बाकीच्यांचं सूप गार होतं म्हणे.

म्हणून मला खांबाशेजारचं टेबल मिळालं, लंबूच्या ताब्यातलं. लंबू म्हणजे नवऱ्याचा दोस्त, ताडमाड उंच, पण मनानं चांगला. मला वहिनी वहिनी करत सगळं पुढ्यात आणायचा. खांबाच्या एका बाजूनं मान थोडी तिरकी केली की खिडकीकडची टेबलं दिसायची. तिथे माझा नवरा काम करत होता.

मी त्याला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. काळा कोट, पांढरे हातमोजे. त्या मोज्यांची बोटं मीच रफू करून देते, त्यामुळे मोजे ओळखीचे होते. आतला माणूस अनोळखी. ताठ उभा, पण ताठा नाही. लोक बोलायला तोंड उघडायच्या आधी तो तिथे पोचलेला असायचा. डावीकडून वाढायचा, उजवीकडून उचलायचा, आणि ताटली उचलल्याचा आवाजसुद्धा यायचा नाही. घरी हाच माणूस कपाटाचं दार आपटून लावतो.

तेही एक वेळ चाललं असतं. पण तिथे ती बाई होती.

खिडकीला लागून एकच खुर्ची असलेलं एक टेबल होतं. त्या खुर्चीवर राखाडी केसांच्या, मोत्याच्या कुड्या घातलेल्या एक बाई बसायच्या. वय सत्तरीचं, माझ्या सासूबाई आज असत्या तर जवळजवळ त्यांच्याएवढं. लंबू म्हणाला, या दरवर्षी येतात, नवरा गेल्यापासून एकट्या, आणि येण्याआधी कंपनीला कळवतात की वाढायला हाच माणूस हवा. इथल्या सगळ्यांनी त्यांचं नाव ‘सरकार’ ठेवलेलं. हे ऐकल्यावर मी मान आणखी तिरकी केली.

सरकार दारात दिसल्या की माझा नवरा हातातलं काम दुसऱ्याकडे देऊन खुर्ची मागे ओढायचा. नॅपकिन उलगडून त्यांच्या मांडीवर पसरायचा, झोपलेल्या बाळावर दुपटं घालावं तसा. काय आणू हे विचारायचाच नाही. सूपात मलई नको, माशाचा मधला तुकडा, बटाटे नुसते सोनेरी, पावाचा मऊ भाग. हे सगळं त्याला पाठ. त्या काहीतरी सांगायच्या आणि तो थोडा वाकून ऐकायचा, चेहऱ्यावर घाई म्हणून नाही. मागे हात बांधून उभा राहायचा, जणू जगात त्याला दुसरं काम नाही. एकदा त्यांनी नुसतं खिडकीकडे पाहिलं तर यानं पडदा बोटभर सरकवला.

माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथून. सांगायला लाज वाटते, सत्तरीच्या बाईवर कुणी जळतं का? मी जळत होते. घासागणिक जळत होते. माझ्या माणसाकडे इतकी सवड, इतकी माया, इतकं बघणं शिल्लक होतं आणि ते तो सगळं तिथे त्या खुर्चीवर ओतत होता. मला उरलेला सोफा. लंबूनं मला पुडिंग कसं वाटलं विचारलं आणि मी ‘छान’ म्हटलं, पण मी काय खाल्लं ते मला आजही सांगता येणार नाही. माझी एकच इच्छा होती. या माणसानं एकदा, एकदाच, माझ्याकडे असं बघावं.

रोज दुपारी चार वाजता त्याला थोडी सुट्टी मिळायची. मागच्या डेकवर नोकरांसाठी एक कोपरा होता, दोन बाकडी आणि कपडे इस्त्री करायची फळी. तिथे आम्ही भेटायचो. पहिले दोन दिवस मी मूग गिळून बसले. तिसऱ्या दिवशी सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्या खिडकीतल्या बाई फार जवळच्या दिसतात. तो हसला. पाहुण्या आहेत, म्हणाला. वर पुन्हा कौतुक, की फार चांगल्या, कधी आवाज चढवत नाहीत, पहिल्याच फेरीत त्यांनी आपल्याला काय आवडतं, काय नाही ते नीट सांगून टाकलं, मग कधी चूक झाली नाही. मी फळीवरचा त्याचा कोट उचलून उगाच कॉलर झटकली. कॉलर स्वच्छ होती.

त्या दिवशी तो वेगळ्याच काळजीत होता. पुढच्या हंगामापासून हे सगळं बंद. ठरलेलं टेबल नाही, ठरलेली वेळ नाही, कोट नाही, हातमोजे नाहीत. लोकांना आता ऐट नको, मोकळेपणा हवा, असं मॅनेजरनं मीटिंग घेऊन सांगितलं होतं. कधीही या, कुठेही बसा. ताटली आतूनच भरून येणार. वाढप्यानं टेबलाशी उकिडवं बसायचं, म्हणजे पाहुण्याच्या डोळ्यांना डोळे भिडतात, आणि हसून विचारायचं, ‘काय मग, मजा येतेय ना?’ आमच्या फेरीच्या शेवटच्या संध्याकाळी त्याची तालीम होती. सगळ्यांना केशरी टी-शर्ट वाटले होते. यानं मला उकिडवं बसून दाखवलं. गुडघे कडकड वाजले आणि उठताना त्यानं माझा खांदा धरला. मला हसू आलं. तो मात्र हसला नाही.

“सरकारांचं काय होणार?” तो म्हणाला. “त्यांना हे नाही जमायचं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “आणि माझं काय?”

“तुझं काय?” त्यानं विचारलं. खरंच विचारलं, चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्याला काहीच कळलेलं नव्हतं. मी कोट फळीवर टाकला आणि खोलीत निघून आले. बिनखिडकीच्या खोलीत बसून मी ठरवलं, की कुठेही बसा असं कंपनीच म्हणते आहे, तर बसू या.

शेवटच्या संध्याकाळी दारं उघडायच्या आधीच मी जाऊन उभी राहिले. अंगात नवा कपडा, केस नीट बांधलेले. दारातल्या मुलीनं गोड हसून सांगितलं, हवं तिथे बसा. मी सरळ खिडकीकडे चालत गेले आणि सरकारांच्या खुर्चीत बसले. टेबलावर कापड नव्हतं, नुसतं लाकूड. खुर्ची मात्र गुबगुबीत होती. इतके दिवस खांबाशी बसून माझी मान आखडली होती, तिला एकदम आराम पडला.

नवरा वळला आणि मला पाहून जागच्या जागी थांबला. केशरी टी-शर्ट त्याला खांद्यात ढगळ होत होता, मापच चुकलं होतं. तो जवळ आला. इथे का बसलीस, असं हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, कुठेही बसा म्हणाले. त्यानं दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं.

सरकार आत येत होत्या. अंगावर त्यांचा नेहमीचा संध्याकाळचा कोट, हातात छोटी पर्स. अर्ध्या वाटेत त्यांना आपल्या खुर्चीत कुणीतरी बसलंय ते दिसलं आणि त्या उभ्याच राहिल्या. खुर्ची ओढायला कुणी गेलं नाही, कारण नव्या नियमात ती ओढायची नव्हती. शेवटी लंबूनं त्यांना खांबाजवळ नेलं. मग तो ताडमाड माणूस त्यांच्या पायाशी उकिडवा बसला आणि मजा येतेय ना, असं विचारू लागला. त्या त्याच्या डोक्यावरून आमच्याकडे बघत होत्या, मान थोडी तिरकी करून. मला वाटलं होतं, मनात आनंदाच्या उकळ्या फुटतील. फुटल्याही. पण त्या तिरक्या मानेची कळ मला चांगलीच माहीत होती, म्हणून मी तिकडे बघायचं टाळलं.

नवऱ्याचं मात्र काहीतरी ठरलं असावं. त्यानं टी-शर्ट खाली ओढून सारखा केला आणि ताठ उभा राहिला, कोट घातल्यासारखा. नॅपकिन उलगडला आणि माझ्या मांडीवर पसरला. अगदी हळू हातानं. मी मेनूकार्डाकडे हात नेला तर त्यानं ते अलगद बाजूला घेतलं.

“राहू दे. तुझं मला माहीत आहे.”

बस्स. एवढ्यासाठीच मी समुद्रावर आले होते. त्या चार शब्दांनी आठवड्याचा सगळा जळफळाट गार पडला. तो आत गेला. बराच वेळ लागला. दारापलीकडे कुणाशी तरी वाद घातल्यासारखा त्याचा आवाज येत होता. मी खिडकीतून पाणी बघत बसले आणि लेकीला हे कसं सांगायचं ते मनात जुळवत होते.

तो आला आणि डाव्या बाजूनं ताटली ठेवली. ताटलीत माशाचा शेपटीकडचा तुकडा होता. बाजूला ट्रेच्या कडेला करपलेले बटाटे. आणि पावाच्या टोकाचा कडक तुकडा, एक नव्हे दोन.

मी वर पाहिलं. तो मागे हात बांधून उभा होता आणि त्याचा चेहरा आनंदानं नुसता उजळला होता.

“आचाऱ्याच्या पाया पडून आणलंय,” तो म्हणाला. “इथे हे टाकून देतात. मी म्हटलं, आमच्या घरी याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही ती. शेपटाकडचा तुकडा स्वतः घेते, करपलेले स्वतः घेते, पावाचं टोक तर आधी उचलते. एकोणीस वर्षं बघतोय मी.”

बघत होता. सोफ्यावर बसून, पाण्याचा ग्लास न घेता, सगळं बघत होता. आणि जे दिसलं ते बरोबर पाठ केलं होतं. मला मोठ्यानं हसावंसं वाटलं आणि त्याच वेळी ती ताटली खिडकीतून भिरकावून द्यावीशी वाटली. आजवर घरात मी मधला एक तुकडा याला दिला, दुसरा लेकीला, आणि सासूबाई होत्या तोवर मऊ पाव त्यांना. मग जे राहायचं ते माझ्या ताटात यायचं. कुणी विचारलं तर ‘मला हेच आवडतं’ म्हणायचं, म्हणजे जेवणात विघ्न नको. सरकारांनी पहिल्याच दिवशी तोंड उघडलं होतं. मी उघडलं होतं ते खोटं सांगायला.

खाऊन टाकलं असतं तर तो आयुष्यभर खूश राहिला असता. काटा हातात घेतला सुद्धा.

“मला हे आवडत नाही,” मी म्हटलं.

तो हसला, चेष्टा समजून. मग हसू ओसरलं. “मग खातेस ते का?”

“उरतं म्हणून.”

तो ताटलीकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी हाक मारली, खांबाकडूनही एक हात वर झाला, पर्स धरलेला. त्यानं दोन्हीकडे पाहिलं नाही. ताटली उचलली, उजवीकडून, आवाज न करता. मेनूकार्ड आणून माझ्यापुढे उघडं ठेवलं आणि पुन्हा मागे हात बांधून उभा राहिला.

“काय आणू?” त्यानं विचारलं. “मला माहीत नाही.”

मी वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. काय आवडतं ते चटकन आठवेना, आणि वाटेल ते सांगून मोकळं व्हायची सवय जिभेवर येऊन बसली होती. ती मी गिळली.

“थांबा जरा,” मी म्हटलं. “घाई करू नका.”

तो थांबला. खांबाजवळून सरकार आमच्याकडे बघत होत्या. म्हटलं, बघू देत.