रबराची चीर

सिस्टरची मोटारसायकल तिसऱ्यांदा दारात आली, तेव्हा मेकॅनिकला हात पुसायचाही कंटाळा आला होता. ती घरोघरी जाऊन पेशंट बघणारी बाई. दर वळणावर गाडी बंद पडून तिचं कसं भागणार?

"काका, ॲक्सिलरेटर सोडला की मान टाकते," ती म्हणाली. "आज जमलं नाही तर दुसरीकडे नेते. राग मानू नका."

राग कसला मानायचा? त्याने कार्बोरेटर दोनदा उघडला होता, जेट साफ केले होते, प्लग नवा घातला होता. रेसचा स्क्रू आवळला की गाडी बोंबलायची, सैल केला की मरायची. नुसतं इंजिन ऐकून दुखणं सांगणारा म्हणून तीस वर्षं त्याचं नाव होतं, आणि गेल्या वर्षभरात बारीक आवाज त्याच्या कानापर्यंत पोचेनासे झाले होते. हे त्याने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याच्या दारात गाडी कोणी लावली असती?

सिस्टर रस्त्यावर फोनवर पेशंटची समजूत घालत होती, आणि तो गाडी चालू करून इंजिनवर वाकला होता. तेवढ्यात बायको आली, दिवसभर शिलाई मशीनवर बसून आंबलेली.

"अहो, डबा." तो वळला नाही. "डबा आणलाय." शेवटी तिने डबा बाकावर आदळला. "घरीही हेच. मी बोलायचं आणि तुम्ही कानाडोळा करायचा."

मग ती जवळ येऊन वाकली. "आणि हे सूं सूं काय वाजतंय?"

"कुठे?"

"इथे. केवढ्यानं वाजतंय." तिचं बोट कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबरावर होतं.

त्याने रबर दाबून धरलं. विझत आलेली गाडी सावरली आणि एका लयीत चालू लागली. रबराला खालच्या अंगाने केसाएवढी चीर होती. तिथून हवा आत शिरत होती, आणि ती कुठल्याही नवशिक्याला ऐकू आली असती.

नवं रबर बसवलं, सिस्टर हात हलवून गेली. बायको तिथेच उभी राहून त्याच्याकडे बघत होती. ती काहीतरी हळू बोलली. त्याला शब्द कळले नाहीत, चेहरा मात्र कळला. त्याला लाज वाटली, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

"उद्यापासून जरा लवकर येत जा," तो म्हणाला. "गाड्या ऐकायला."

ती त्याच्या अगदी समोर येऊन बसली, डब्याचं झाकण काढलं आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "येते. आधी जेवा."