गडग्यावरची फडकी

स्वस्त म्हटलं की माणसं नाक मुरडतात आणि महागाच्या वस्तूने फसवलं तरी चारचौघांत तिचंच कौतुक सांगतात. इशरतचा नवरा अझीम त्यातलाच. आठ वर्षं दोह्याला गाड्या पुसून तो २००७ साली रत्नागिरीला परत आला आणि मिरजोळ्याला, कारखान्यांच्या रस्त्यालगत, त्याने गाड्या धुण्याचं दुकान टाकलं. गाड्या तो धुवायचा. फडकी निवडणं, धुणं, वाळवणं हे इशरतचं खातं. लग्नानंतर सहा वर्षं सासरच्या चुलीपाशी काढलेल्या इशरतला आपलं म्हणावं असं हे पहिलंच ठिकाण मिळालं होतं.

फडकीही तिने उगीच उचलून आणली नव्हती. दोह्याहून आणलेली मायक्रोफायबरची फडकी विरली, तेव्हा "तिकडच्यासारखी इथं मिळायची नायत" म्हणून अझीम हातावर हात धरून बसला. इशरत बाजारात गेली. दुकानदाराने तीन ढीग पुढे टाकले. पहिलं फडकं तिने तळहातावरून ओढलं. भांडी घासून खरबरीत झालेल्या कातडीत ते अडकलंच नाही, म्हणजे नावाचंच मायक्रोफायबर. दुसऱ्याची शिवण नखाला टोचत होती. तिसरं जाड, दोन्ही बाजूंनी लव असलेलं, आणि किंमत दोह्यातल्याच्या पाव. तेव्हा तिने पर्समधून एक सीडी काढली आणि तिच्या चकचकीत बाजूवर ते फडकं खसाखसा घासलं. सीडी तिच्या स्वतःच्या निकाहची होती, घरात दुसरी नव्हतीच. दुकानदार आ वासून बघत राहिला. एक ओरखडा उठला नाही. तिने दोन डझन घेतली, टोचणारी लेबलं एकेक करून कापून टाकली आणि सीडी दुकानातल्या टेबलाच्या खणात ठेवून दिली.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एका रविवारी सकाळी पावस गावचे आंबा बागायतदार हरिहरकाका गाडी घेऊन आले. नवी कोरी काळी गाडी, तीन दिवसांवर मुलीचं, आर्याचं लग्न. शनिवारी संध्याकाळी अझीमने ती धुऊन दिली होती. आता उन्हात बॉनेटवर बारीक गोल ओरखड्यांचं जाळंच जाळं दिसत होतं.

"अझीम, गाडी पुसायला दिली होती रे मी," हरिहरकाका म्हणाले. "घासणीने टोप घासतात तशी घासायला नव्हे."

अझीमचा चेहरा पडला. पण पडलेला चेहरा उचलायला बायको असतेच जवळ.

"काका, मी काय करू? ह्या बयेनं सस्तातली फडकी आणून ठेवलीत! बाईच्या हातात बाजार दिला की असंच व्हायचं." मग तो इशरतकडे वळून रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "उद्यापासून दुकानात पाऊल ठेवायचं नाय! घरात बस!"

पलीकडच्या टपरीवर चहा पिणाऱ्यांनी माना वळवल्या. इशरतच्या कानशिलांतून आग निघाली. वर्षभर त्याच फडक्यांनी पुसलेल्या गाड्या ह्याच्या नावावर, आणि एक खरचटली ती तिच्या नावावर! तिला रडू येत नव्हतं. तिला हातातली बादली त्याच्या अंगावर फेकावीशी वाटत होती.

तिने बादली खाली ठेवली आणि शनिवारी वापरलेली फडकी उचलली. एक उलगडून लवेतून अंगठा फिरवला. अंगठ्याला खरखर लागली. नखाने कोरलं, तर नखात तांबडा कण आला. जांभ्या दगडाचा.

"गुरुवारी मी पावसला अम्मीकडं होते," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा शांत निघाला. "फडकी कोणी धुतली?"

"मी धुतली. मग? मला काय येत नाय?"

"वाळत कुठं घातली?"

"कुठं म्हणजे? गडग्यावर!" अझीम खेकसला. "दोरीवर माझे कपडे होते. सगळी दुनिया गडग्यावरच वाळत घालते."

बोलता बोलता त्याची नजर मागे गेली. दुकानामागचा तो जांभ्याचा गडगा, दगडावर दगड रचलेली कुंपणाची भिंत, समोरच उभा होता, नुसता हात लावला तरी तांबडा भुगा पडेल असा. गोधड्या, चादरी, सुकी मच्छी, सगळं गावभर गडग्यावरच वाळतं, हे खरंच. पण मायक्रोफायबर म्हणजे गोधडी नव्हे. त्याची लव कण धरून ठेवते, झटकलं तरी सोडत नाही. हे तिने त्याला दहादा सांगितलं होतं.

"मी झटकून घेतली होती," अझीम पुटपुटला. "फडकीच हलकी हायत."

इशरतने टेबलाचा खण उघडून सीडी काढली. आधी कपाटातलं, तिने स्वतः सावलीत दोरीवर वाळवलेलं फडकं घेतलं, सीडीवर दाबून घासलं आणि हरिहरकाकांपुढे धरलं. सीडी आरशासारखी स्वच्छ. मग तिने गडग्यावरचं फडकं उचललं.

"अगो, ती निकाहची..." अझीम पुढे झाला.

तोवर तिने घासलं होतं, अंगातला सगळा राग मनगटात आणून. सीडीवर गोल गोल ओरखडे उठले, हुबेहूब बॉनेटवरचे.

हरिहरकाकांनी सीडी उन्हात धरली, एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा अझीमकडे. "फडकी स्वस्त नव्हती रे," ते म्हणाले. "अक्कल स्वस्त होती." मग त्यांनी गाडीची किल्ली इशरतच्या हातात दिली. "बुधवारी लग्न आहे, इशरतबाई. पॉलिश करून निघेल?"

"निघेल, काका. उद्या संध्याकाळी न्या. फडकं मी धरीन."

अझीम सीडी उलटीसुलटी करून बघत होता. "आता ही लागायची नाय," तो म्हणाला. "काय केलंस गो हे?"

"नाय लागली तर नाय लागली. त्यात तुमी तीनदा कबूल म्हणालायत, ते मला पाठ आहे." तिने किल्ली मुठीत घट्ट धरली. "आज एकदा म्हणा. गडग्यावर मी घातली, चूक माझी, कबूल. काकांसमोर."

अझीमने टपरीकडे पाहिलं. तिकडचे चहाचे ग्लास अजून हातातच होते.

"कबूल," तो खाली बघून म्हणाला.

"जोरात," इशरत म्हणाली. "मघाशी मला घरात बसायला सांगितलंत, तेवढ्या आवाजात."